दुर्बिणीच्या सुट्या भागांना खरंच सगळीकडे पाच मायक्रॉन लागतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या अंबडला दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि एक सीएनसी लेथ असलेलं जॉबवर्कचं युनिट आहे. आजवरचं सगळं काम गाड्यांच्या भागांचं. दुर्बिणी जुळवणाऱ्या एका पार्टीकडून आता तीन ड्रॉइंग आली आहेत: कॅमेऱ्याचं ॲडॉप्टर, २५० मिमी आरशाची सेल (आरसा धरणारी बैठक) आणि १८० दात्यांचं वर्म व्हील, त्याला फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या वर्मसकट. तिन्हींवर जवळजवळ प्रत्येक मापाला ±०.००५ मिमी, म्हणजे पाच मायक्रॉनचा टॉलरन्स (मापातली चालणारी चूक) टाकला आहे. काम घ्यावं का, सीएमएम (मापं तपासणारी महागडी मशीन) घ्यावी लागेल का आणि दर कसा लावायचा?

पहिली दोन ड्रॉइंग घ्या. तिसरं आत्ता घेऊ नका. सीएमएम लागणार नाही. दराचं शेवटी सांगतो, कारण दर टॉलरन्सवर ठरतो आणि तुमच्याकडे आलेले टॉलरन्स कुणीतरी डोळे झाकून टाकलेले दिसतात. कॅडमध्ये एकदा टायटल ब्लॉक भरला की तोच सगळ्या शीटवर फिरतो, हे आपण गाड्यांच्या कामातही बघतोच. फरक इतकाच की तिथे मागे मोठी कंपनी असते आणि फोन करून विचारायला माणूस असतो. दुर्बिणीच्या पार्टीला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं की कुठलं माप खरं महत्त्वाचं आहे. ते तुम्हाला शोधून काढावं लागेल.

शोधायचं कसं? प्रत्येक मापाला एकच प्रश्न विचारायचा: हे चुकलं तर प्रकाशाचं काय होईल? पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांचा पृष्ठभाग साध्या तारेच्या जाळीचा आहे, आरपार दिसतं. ती दुर्बीण साधारण २१ सेंमीपर्यंतच्या आणि त्याहून लांब रेडिओ लहरी पकडते. लहरीच्या विसाव्या भागाइतकी अचूकता धरली तर सेंटिमीटरभर चूक तिथे खपते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ०.५५ मायक्रॉनची. तिथे चांगल्या आरशाचा पृष्ठभाग लहरीच्या आठव्या भागात, म्हणजे ०.०७ मायक्रॉनमध्ये ठेवतात. नियम तोच, आकडा लाखपटीने बदलला. पण ते ०.०७ मायक्रॉन काच घासणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. तुमचं काम ती काच, तो कॅमेरा आणि ती दुर्बीण जागेवर धरून ठेवायची. त्यात मायक्रॉन लागणाऱ्या जागा मोजक्याच असतात.

आता ॲडॉप्टर घ्या. यात एका बाजूला एम ४२ × ०.७५ आटे असणार. ड्रॉइंगवर नुसतं 'एम ४२' लिहिलं असेल तर आधी फोन करा. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचे स्क्रूही एम ४२ चेच, पण त्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी. दोन्ही एकमेकांत एखादा आटा बसतात आणि मग अडकतात. घाईतला माणूस जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे उडतात. पार्टीकडून ज्यावर हे बसणार तो खरा भाग मागून घ्या आणि तोच गो गेज (बसतं की नाही ते बघायचं माप) म्हणून मशीनशेजारी ठेवा.

याच ॲडॉप्टरवर लांबीला ±०.००५ लिहिलं असेल तर ते खोडायला सांगा. या जातीच्या जोडणीत कॅमेऱ्याचा सेन्सर आट्याच्या खांद्यापासून ५५ मिमी अंतरावर येतो, हे प्रमाण ठरलेलं आहे. पण मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर घातला की काचेमुळेच फोकस सुमारे ०.७ मिमी मागे सरकतो, आणि शेवटचा फोकस तर माणूस नॉब फिरवून करतो. मग पाच मायक्रॉन लांबी धरून काय मिळवणार? ±०.०५ पुष्कळ झालं.

त्याच तुकड्यावर दोन्ही फेस एकमेकांना समांतर असणं मात्र खरं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच ड्रॉइंगवर नसतं. फेस तिरका असेल तर सेन्सर तिरका बसतो. मग फोटोच्या एका कोपऱ्यात तारे टिंबासारखे आणि समोरच्या कोपऱ्यात फुगलेले येतात. किती तिरकेपणा चालेल हे दुर्बिणीच्या एफ आकड्यावर (फोकसची लांबी भागिले आरशाचा किंवा लेन्सचा व्यास) ठरतं. फोकसची सवलत साधारण प्रकाशाच्या लहरीच्या दुप्पट गुणिले एफ आकड्याचा वर्ग, पुढे-मागे दोन्हीकडे. एफ ५ ला ती ±२७ मायक्रॉन येते, एफ २ ला फक्त ±४.४. म्हणजे एफ ५ च्या दुर्बिणीसाठी ४८ मिमी फेसवर ०.०२ समांतरता दिली तर २८ मिमी कर्णाच्या सेन्सरवर सुमारे १२ मायक्रॉन तिरकेपणा येईल. तो चालेल. पण एकावर एक अशा चार-पाच रिंगा लागतात आणि प्रत्येकाची चूक बेरजेत येते, म्हणून ०.०१ धरा. एफ २ साठी मागणी असेल तर सरळ सांगा की नुसत्या मशीनिंगने भागणार नाही, तिरकेपणा काढायला तीन स्क्रूंची ॲडजस्टेबल प्लेट लागेल. एफ आकडा विचारल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

लेथवर हे जमवायला वेगळी जादू लागत नाही. फेस, बोअर आणि आटे एकाच सेटिंगमध्ये काढायचे. तुकडा उलटा करताना सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) तिथल्या तिथे बोअर करून घ्यायचे आणि हलक्या हाताने धरायचं. पातळ रिंग तीन जॉमध्ये कसून आवळली तर बोअर मशीनवर गोल दिसतो, चक सोडला की तिपाखी होतो. सरफेस प्लेटवर ठेवून एक मायक्रॉनचा डायल फिरवा, दोन मिनिटांत कळतं.

ॲनोडायझिंगवाल्याकडे (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवणाऱ्याकडे) पाठवताना एक हिशेब धरावा लागतो, तो गाड्यांच्या कामात फारसा येत नाही. २० मायक्रॉनचा थर दिला तर साधारण अर्धा आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. ६० अंशांच्या आट्यात पृष्ठभागावरची १० मायक्रॉनची वाढ पिच डायमीटरमध्ये (आट्याच्या मध्यावरच्या व्यासात) चौपट, म्हणजे ४० मायक्रॉन दिसते. नर आणि मादी दोन्ही भाग तुमचेच असतील तर मिळून ८०. पाऊण मिलिमीटरच्या पिचला हे चिकटायला पुरेसं आहे. आटे तेवढे सैल ठेवा आणि ड्रॉइंगवर 'मापे ॲनोडायझिंगनंतरची' असं लिहूनच घ्या. आंधळ्या भोकांत ॲसिड राहिलं तर महिन्याभराने पांढरं फुटून बाहेर येतं, म्हणून धुलाईबद्दल आधीच बोलून ठेवा. काळं ॲनोडायझिंग डोळ्याला काळं दिसतं, पण जवळच्या अवरक्त प्रकाशात ते बऱ्यापैकी चमकतं आणि कॅमेऱ्याचा सेन्सर तो प्रकाश बघतो. नळीच्या आतल्या बाजूला बारीक आटे पाडून वर मॅट काळा रंग दिलेला बरा. कुठलाही बर (कापल्यावर उरलेली धारदार कडा) ठेवायचा नाही आणि आट्यांना हाताशी असलेलं ग्रीस फासायचं नाही. त्याची वाफ थंड काचेवर जाऊन बसते.

आरशाच्या सेलला ±०.००५ तर थट्टाच आहे. २५० मिमीची बोरोसिलिकेट काच दर अंशाला मीटरमागे ३.३ मायक्रॉन आकसते, ॲल्युमिनियम २३. निफाडचा पारा थंडीत कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको. समजा मशीनिंगच्या वेळेपेक्षा सेल २० अंशांनी गार झाली. तर व्यासात काच आणि धातू यांच्यात जवळपास ०.१ मिमी फरक पडतो. पाच मायक्रॉनच्या फिटने बसवलेला आरसा त्या रात्री सेल आवळून धरेल आणि ज्या पृष्ठभागासाठी काचवाल्याने ०.०७ मायक्रॉन सांभाळले तो वाकेल. तेव्हा आतला व्यास आरशापेक्षा निदान मिलिमीटरभर मोठा ठेवा आणि बाजूला कॉर्क किंवा सिलिकॉनचे ठिपके द्या. वरच्या तीन क्लिपा काचेला टेकता कामा नयेत, मध्ये कागद सरकला पाहिजे. क्लिप आवळलेल्या दुर्बिणीतून तारा तिकोनी दिसतो, हे एकदा बघितलं की पुन्हा कुणी पाना घेऊन जोर लावत नाही. मागचा आधार या आकाराला नऊ बिंदूंचा देतात: तीन त्रिकोणी पट्ट्या, प्रत्येकीला तीन टेकू, आणि प्रत्येक पट्टी मध्यावर मोकळी डुलणारी. तिथे भोकांच्या जागा ०.१ मध्ये आल्या तरी आरशाला कळत नाही. पट्ट्या अडखळता कामा नयेत, एवढंच बघा.

मटेरियल ६०६१ लिहिलं असेल तर टी ६५१ मागा. ती प्लेट ताणून तिचा आतला ताण घालवलेला असतो. साधी टी ६ प्लेट एका बाजूने पोखरली की केळ्यासारखी वाकते. शिवाय रफिंगनंतर मिलिमीटरभर माल ठेवून दोन-तीन दिवस जॉब बाजूला ठेवा, मग फिनिश कट घ्या. घाई असली तरी हे टाळू नका.

तापमानाचा दुसरा फटका मोजताना बसतो. जगभर मापं २० अंशांना धरतात. मे महिन्यात तुमच्या शेडमध्ये ३५ अंश असतात. २०० मिमी ॲल्युमिनियमचा जॉब त्या वेळी ६९ मायक्रॉनने फुगलेला असतो. तुमचा स्टीलचा मायक्रोमीटरही फुगतो, पण साडेचौतीसच्या आसपास. उरलेले साडेचौतीस मायक्रॉन तुम्हाला जॉब मोठा असल्याचं खोटं सांगतात. मग ऑपरेटर ऑफसेट देऊन माल काढतो आणि एसीतल्या इन्स्पेक्शनला जॉब लहान भरतो. गाड्यांच्या कामात बहुतेक जॉब स्टीलचे, म्हणून ही गोष्ट लपून राहते. पाच मायक्रॉन धरायचे तर आधी एक खोली २० अंशांवर आणा, जॉब त्या खोलीत रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. तुम्ही सीएमएमचं विचारलंत. माझ्या मते त्या पैशातला थोडासा भाग या खोलीवर, चांगल्या स्लिप गेजवर (पक्क्या मापाच्या ठोकळ्यांवर), ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर आणि एका एक मायक्रॉनच्या लिव्हर डायलवर घाला. एखाद्या नगाला सीएमएम रिपोर्ट लागलाच तर तो बाहेरून करून मिळतो.

मोजण्याबद्दल आणखी एक सांगतो, कारण या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक मोजण्याचीच होती. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा अप्रतिम गुळगुळीत होता, पण कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. ज्या उपकरणाने ते आकार तपासत होते, त्यातली एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसली होती. त्यांनी त्या उपकरणाला तंतोतंत जुळेल असा आरसा बनवला. दुसऱ्या, साध्या चाचण्यांत गडबड दिसलीही होती, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. तुमच्या शॉपसाठी याचा अर्थ सरळ आहे. महत्त्वाचं माप दोन वेगळ्या रीतींनी घ्या, आणि दोन्ही जुळले नाहीत तर महागड्या उपकरणाची बाजू घेऊन वाद मिटवू नका.

आता तिसरं ड्रॉइंग, ज्याला मी नको म्हणतोय. इथे मात्र मायक्रॉन खरे आहेत, आणि पाच मायक्रॉनसुद्धा जास्त आहेत.

दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवायचं तर ध्रुवाक्षाभोवती (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती) २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी लागते, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १८० दात्यांचं व्हील असेल तर वर्म सुमारे आठ मिनिटांत एक फेरी मारतो. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) १ धरला तर पिच सर्कलची त्रिज्या ९० मिमी. त्या त्रिज्येवर एक विकला म्हणजे ०.४४ मायक्रॉन. उलट मांडा: दात्यापाशी १ मायक्रॉन चूक झाली की आकाशात २.३ विकलांची चूक. वर्म फिरताना बेअरिंगच्या खांद्यामुळे ५ मायक्रॉन पुढे-मागे झाला तर तारा दर आठ मिनिटांनी साडेअकरा विकला मागे-पुढे डोलतो. पार्टीचा कॅमेरा एका पिक्सेलला एक विकला बघत असेल तर टिंबाऐवजी अकरा पिक्सेलची रेघ उमटते.

यातली ग्यानबाची मेख अशी की सगळ्या चुका सारख्या वाईट नसतात. व्हीलच्या दात्यांची एकूण पिच चूक जास्त असली तरी ती तासन्‌तास हळूहळू येते. आजकाल दुसरा छोटा कॅमेरा एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून दर एक-दोन सेकंदांनी मोटरला दुरुस्ती पाठवतो, तो ही चूक सहज गिळतो. वर्मची आठ मिनिटांची चूकही गुळगुळीत असेल तर तो सांभाळतो. पण वर्मच्या आट्यावर चॅटरच्या (कापताना हत्यार थरथरल्याच्या) खुणा असतील किंवा बेअरिंगमध्ये खरखर असेल, तर काही सेकंदांत येऊन जाणारी चूक त्याच्या हाती लागत नाही. म्हणून पार्टीला नुसतं 'किती विकला' विचारू नका, 'किती वेळात' हेही विचारा. दातांमधल्या बॅकलॅशचा (ढिलेपणाचा) बाऊ मात्र करू नका. ताऱ्यामागे जाताना दुर्बीण एकाच दिशेने फिरते. पूर्वेची बाजू थोडी जड ठेवली की दाते एकाच अंगाला टेकून राहतात.

हा वर्म करायचा तर सेंटर होल आधी लॅप करायची (बारीक पावडरने घासायची). बेअरिंगच्या जागा, खांदा आणि आटे सगळं त्याच दोन सेंटरांवर ग्राइंड व्हायला हवं. थ्रस्टच्या खांद्याचं फेस रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) १ ते २ मायक्रॉनमध्ये हवं, कारण वर्मची अक्षाच्या दिशेची हालचाल थेट आकाशात दिसते. आडव्या दिशेचं रनआउट दात्याच्या २० अंशांच्या कोनामुळे साधारण एक-तृतीयांशच पोहोचतं. बेअरिंगची अँग्युलर कॉन्टॅक्टची प्रीलोड दिलेली जोडी लागेल. व्हील हॉब झाल्यावर, म्हणजे दाते कापून झाल्यावर, लॅपिंग करावं लागेल, आणि तिथे लोक फसतात: ब्राँझ मऊ, त्यात कठीण पावडरचे कण रुततात आणि मग व्हीलच कायमचा घासकागद होऊन स्टीलचा वर्म खात बसतं. घासताना आपोआप फुटून बारीक होणारी पावडर वापरावी लागते आणि शक्य तर लॅपिंगसाठी वेगळा वर्म. नाशिकमध्ये गिअर करणारे चांगले लोक आहेत, पण ते जो डबल फ्लँक टेस्टचा रिपोर्ट देतात त्यात दोन्ही अंगं एकदम दाबलेली असतात. एका अंगाने टेकून फिरताना कोन किती चुकतो हे त्यात दिसत नाही. खरी चाचणी म्हणजे जोडी माउंटवर (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर) चढवून, दुरुस्ती बंद ठेवून, अर्धा तास एका ताऱ्याचं सरकणं कॅमेऱ्यात नोंदवायचं. ती सोय तुमच्याकडे नाही, पार्टीकडे आहे.

यापेक्षा तुमच्या मशीनांना साजेसं एक काम सुचवतो. नाशिकचं अक्षांश २० अंश. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर असतो आणि माउंटचा ध्रुवाक्ष तेवढाच कललेला ठेवावा लागतो. बाहेरून येणारे बरेचसे माउंट चाळीस-पन्नास अंशांच्या देशांचा विचार करून आखलेले असतात. आपल्याकडे त्यांचा काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या तिपाईच्या पायावर आपटतो, आणि अक्ष आडवा झाल्याने सगळं वजन उंचीच्या बोल्टवर येऊन तो वाकतो. यावर उपाय म्हणजे डोकं वर आणि थोडं पुढे उचलणारा जाड ॲडॉप्टर, जाडजूड पिअर प्लेट (खांबावर बसणारी) आणि चांगला हार्डन केलेला बोल्ट. यात ±०.१ पुरतं, कारण शेवटची जुळणी माणूस स्क्रूने करतो. प्लेट डळमळता कामा नये, बाकी काही नाही. मुंबईपासून हैदराबादपर्यंत सगळ्यांना हीच अडचण येते. मोठी स्वप्नं असतील तर हेही ध्यानात ठेवा की कावलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ मध्ये सुरू झाली, आणि तिचा यांत्रिक सांगाडा साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या आपल्या वालचंदनगरला झाला.

आता दर. मशीनचा तासाचा दर तुमचा तुम्ही लावा, पण तीन गोष्टी वेगळ्या ओळींवर दाखवा: सेटिंग, मोजणी आणि ॲनोडायझिंगमधलं रिजेक्शन. इथे ऑर्डर पाच-दहा नगांची असते, हजारांची नाही. सेटिंगचा खर्च हजार नगांवर वाटायची सवय इथे अंगाशी येते. टॉलरन्स सैल केल्याने जे पैसे वाचतात त्यातले काही पार्टीला सोडा, म्हणजे पुढच्या वेळी ते ड्रॉइंग काढण्याआधी तुम्हाला विचारतील. पहिला नग मंजूर होऊन ज्यावर बसायचा त्यावर बसवून बघितल्याशिवाय बाकीचा माल कापू नका.

वर्मच्या ड्रॉइंगवर दर न लिहिता परत पाठवा आणि सोबत लिहा की जोडी त्यांनी तयार आणावी, तिचं हाऊसिंग तुम्ही करून द्याल. दोन बेअरिंग बोअर एका सेटिंगमध्ये, समअक्षता ०.००५, आणि वर्म दात्यांकडे ढकलणारी स्प्रिंगची बिजागरी. तिथे तो ±०.००५ चा आकडा पहिल्यांदा योग्य जागी बसतो, आणि ते तुमच्या व्हीएमसीवर जमण्यासारखं आहे.